आत्याबाईंच्या कवळीची साक्ष

माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. आशाबाई सर्जेराव नरवडे. माहेर पाचोडचं, राहायला शहरात, गारखेड्यात. वय विचारलं तर ‘साठीच्या पुढं’ एवढंच सांगतात. गेली दोन वर्षं आमच्या भागात त्यांच्याबद्दल इतकं बोललं गेलंय, की खरं काय ते कुणालाच धड माहीत नाही. कुणी म्हणतं त्यांनी चोराचं बोट तोडलं, कुणी म्हणतं कान. पाचोडच्या आठवडी बाजारात तर ‘चोर दवाखान्यात गेला तो परत आलाच नाही’ असंही माझ्या कानावर आलं. मी घरातलीच, आणि मुख्य प्रकार माझ्या डोळ्यांसमोर झाला. तेव्हा जे घडलं ते सांगते.

आत्याबाईंनी दातांकडून आयुष्यभर जी कामं करून घेतली, ती बघता ते इतके टिकले हेच नवल. सुतळी तोडायची दातानं, सुपारी फोडायची दातानं, तेलाच्या पिशवीचा कोपरा दातानं, घट्ट बसलेली गाठ दातानं. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी माझ्या बॅगेचं अडकलेलं कुलूपसुद्धा दातानं ओढून बघितलं होतं. मग एकेक करत सगळे गेले. भाकरी दुधात भिजवून खायची वेळ आली, तेव्हा कुठं त्या चौकातल्या डॉ. निलोफरकडे कवळी करायला तयार झाल्या.

निलोफर म्हणजे शहागंजच्या कापडवाल्यांची मुलगी, हसरी आणि सोशिक. तिनं मेणावर दात मांडून आत्याबाईंच्या तोंडात बसवले आणि हातात आरसा दिला. आत्याबाईंनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

“हे दात माझे नाईत,” त्या म्हणाल्या. “हे टीव्हीतल्या बाईचे हायेत.”

“मावशी, एकदम मस्त दिसताय!”

“मस्त नको. माझा डावा सुळा असा भायेर यायचा. तसा कर.”

निलोफर माझ्याकडे बघायला लागली. “लोक वाकडे दात सरळ करायला येतात माझ्याकडं, और ये सीधा वाकडा करायला सांगतायत.”

“ह्ये मला बघायला आले व्हते तवा त्यांनी त्योच दात बघितला,” आत्याबाई म्हणाल्या. “इचार त्यांना.”

कोपऱ्यात माझे सासरे सर्जेराव वर्तमानपत्र घेऊन बसले होते. त्यांनी वर न बघता मान हलवली. झालं. निलोफरनं सुळा बाहेर काढून तिरका बसवला, आणि बजावलं, “ह्याच्यावर जोर देऊ नका हां मावशी. बाहेर आहे, निघेल.”

कवळी बसली आणि आत्याबाई पुन्हा शेंगदाणे खायला लागल्या. तीनेक महिने सुखात गेले.

त्या दिवशी नळाला पाणी यायचं होतं. पाणी यायच्या दिवशी आमच्या गल्लीत कुणी घर सोडत नाही, पण आत्याबाई सकाळचं फिरणं सोडत नाहीत. मी फाटकाशी नळी धरून ड्रम भरत होते, आणि समोरून त्या परत येताना दिसत होत्या. एवढ्यात एक मोटारसायकल त्यांच्यापाशी थांबली. डोक्यावर हेल्मेट, हातात मोबाईल.

“मावशी, सूतगिरणी चौक कुठं आला?”

गारखेड्यात उभं राहून तिथलाच, सगळ्यांना माहीत असलेला सूतगिरणी चौक विचारणाऱ्या माणसाचा तिथंच संशय यायला पाहिजे होता, असं नंतर पोलीस म्हणाले. पण आत्याबाईंना कुणी पत्ता विचारला की त्यांना आनंद होतो. त्यांनी हात लांब करून सांगायला सुरुवात केली, “असं सरळ जायचं, मंग मेडिकल लागतंय...” आणि त्याच क्षणी त्यानं त्यांच्या गळ्यातल्या मंगळसूत्राला हात घातला.

मी ओरडले. आत्याबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं आणि अंगठ्याखालच्या मांसल भागाला कडकडून चावल्या.

“आई! आई गं! सोडा ना मावशी! सोडा ना!”

त्यानं हिसका दिला, गाडी वाकडीतिकडी गेली आणि कोपऱ्यावरून नाहीशी झाली. मी नळी टाकून धावले. रस्त्यावर काळे मणी पसरले होते आणि त्यांच्यामध्ये वरची कवळी पडली होती. आत्याबाईंनी ती उचलली, पदरानं पुसली, तोंडात बसवली, जीभ फिरवली आणि म्हणाल्या, “करुणा, माझा सुळा गेला गं.”

मग त्या फाटकापाशीच मटकन बसल्या. मंगळसूत्राच्या वाट्या त्यांच्या उजव्या मुठीत होत्या आणि ती मूठ त्यांनी संध्याकाळपर्यंत उघडली नाही. चहासुद्धा डाव्या हातानं प्याल्या. इकडं माझी नळी रस्त्याला पाणी पाजत राहिली. शेजारणी आजही त्या दिवसाचं नाव काढलं, की आधी वाया गेलेल्या पाण्याबद्दल बोलतात.

पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घ्यायला हवालदार सांडू तायडे होते, सोयगावकडचे.

“काय गेलं?” त्यांनी विचारलं.

“दात,” आत्याबाई म्हणाल्या.

“दागिना?”

“दागिना हाय. मणी सांडले. दात गेला.”

तायडेंनी पेन खाली ठेवलं. “त्याचं वर्णन सांगा.”

“हेल्मेट व्हतं.”

“मग ओळखायचं कसं, मावशी?”

“उजवा हात बघा. म्या चावलेय तिथं.”

“उजवा हात शहरात सगळ्यांनाच आहे.”

“पण माझा दात सगळ्यांत नाय ना घुसला!”

तायडेंनी तोंड वळवून खोकल्यासारखं केलं, पण लिहून घेतलं: फिर्यादीच्या कवळीतील वरचा डावा सुळा गहाळ. हे त्यांनी लिहिलं म्हणून पुढचं सगळं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शहरातल्या एका दवाखान्यात एक तरुण गेला. हात सुजून भाकरीएवढा झालेला, वर घट्ट बांधलेला रुमाल. कुत्रं चावलं म्हणाला. डॉक्टरांनी विचारलं पाळीव की भटकं, तर म्हणाला भटकं. डॉक्टरांनी रुमाल पाण्यानं भिजवून हळूहळू सोडवला. वाळलेल्या रक्तात, रुमालाच्या आतल्या घडीला, एक दात चिकटला होता. त्यांनी तो नळाखाली धरला. खालची बाजू सपाट, कडेला थोडं गुलाबी प्लास्टिक. डॉक्टरांनी जखमेकडे बघितलं, दाताकडे बघितलं, आणि अगदी शांतपणे विचारलं, “या कुत्र्यानं कवळी कुठून करून घेतली?”

“भटकंच होतं,” तरुण म्हणाला. डॉक्टरांनी जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, तो कुत्र्याचाच हट्ट धरून होता म्हणून रेबीजचंही दिलं, आणि म्हणाले, “अर्धा तास बाहेर बस. कधीकधी चक्कर येते.” मग आत जाऊन पोलिसांना फोन लावला. तो बिचारा खरंच अर्धा तास बसला. चक्कर येईल या भीतीनं बाकाचा दांडा धरून बसला होता. तायडे गेले तेव्हा तसाच बसलेला सापडला.

त्याचं नाव विश्वजीत. हे कळल्यावर सर्जेराव वर्तमानपत्रामागं इतके हसले, की पेपरचा आवाज यायला लागला.

पण विश्वजीत कुत्र्यावरून हलेना. तायडेंनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आत्याबाई भडकल्या. “भटकं? म्या भटकी? माझं सोताचं घर हाय इथं!”

तायडे म्हणाले, “म्हणूनच तज्ज्ञांना दाखवायचंय. कवळी द्यावी लागेल, मावशी. जप्त करतोय.”

दोन पंचांसमोर आत्याबाईंनी तोंडातून कवळी काढली, वरची आणि खालची दोन्ही. एक पंच शेजारचाच होता. त्यानं लाजून खिडकीकडे बघितलं, त्यामुळं त्याला पुन्हा बघायला लावावं लागलं. कवळी पाकिटात गेली, पाकिटावर लाखेचं सील बसलं.

मग आम्ही दंत महाविद्यालयात गेलो. तिथल्या डॉ. सायली मॅडम अशा प्रकरणांत पोलिसांना मत देतात. त्यांनी विश्वजीतच्या हाताचे मोजपट्टी लावून काढलेले फोटो टेबलावर मांडले होते. तायडेंनी आणलेल्या पाकिटाचं सील फोडून त्यांनी आत्याबाईंच्या तोंडात तेवढ्यापुरती कवळी बसवली आणि चावायला मेणाची पट्टी दिली. आत्याबाई अशा चावल्या की पट्टीचे दोन तुकडे झाले.

“मावशी, मला ठसा पाहिजे. तुकडा नको.”

“त्याला चावले तशीच चावले. खोटं कशाला करू?”

दुसऱ्या पट्टीवर ठसा मिळाला. मॅडमनी फोटो पुढं सरकवला आणि मला समजावून सांगितलं. कुत्र्याचा जबडा लांबट, सुळ्यांची खोल भोकं पडतात, मांस फाटतं. इथं दोन कंस समोरासमोर ठेवल्यासारखी गोल खूण आहे. माणसाचाच चावा.

“माझाच हाय,” आत्याबाई बोळक्या तोंडानं म्हणाल्या. कवळी आता मॅडमच्या टेबलावर होती.

“तुमचा असेल. पण नुसत्या खुणेवरून तो तुमचाच, असं मी शपथेवर सांगणार नाही.”

“आन् म्या सांगते की! म्याच चावले!”

“मावशी, कातडी ताणली जाते, सुजते, हात वळला की खूण बदलते. चाव्याची खूण जुळली असं छातीठोकपणे सांगितलं, आणि नंतर कळलं की तुरुंगात गेलेला माणूस निर्दोष होता, असं परदेशात बऱ्याचदा झालंय. खूण एवढंच सांगते की चावा माणसाचा आहे. पण हा दात बघा.”

त्यांनी चिमट्यानं सुळा उचलला आणि कवळीच्या रिकाम्या जागेवर धरला. डब्याला झाकण बसावं तसा बसला. तिरपेपणासकट. निलोफरनं कवळी करताना घेतलेला प्लास्टरचा साचा जपून ठेवला होता, त्यावरही तोच तिरपा दात. “ह्याबद्दल मी शपथेवर सांगेन,” मॅडम म्हणाल्या.

रिक्षात आत्याबाई बाहेर बघत बसल्या. चावा आपला आणि श्रेय दाताला, याचा त्यांना राग आला असणार असं मला वाटलं. घर आल्यावर त्यांनी विचारलं, “खरंच बिनगुन्ह्याची मान्सं आत गेली? दातापायी?”

“मॅडम म्हणाल्या तर खरंच.”

“मंग बाई बरोबर बोलली,” त्या म्हणाल्या, आणि विषय तिथंच संपला.

दात मात्र अडकले. वरण-भात, कण्या, कुस्करलेली भाकरी. त्यात आत्याबाईंच्या भावाच्या नातीचं लग्न निघालं, पाचोडला. जायलाच पाहिजे होतं. तोंडावर पदर धरून त्या मांडवात बसल्या. कुणीतरी म्हातारी जवळ येऊन ओरडली, “आशे, तोंड कामून झाकलंस?” आत्याबाई म्हणाल्या, “दात पोलिसांत हायेत.” पण दाताशिवाय ‘दात’ म्हणता येत नाही. म्हातारीला ऐकू आलं ‘दादा’. आणि आमच्या ह्यांना घरात सगळे दादाच म्हणतात.

जेवणाच्या पंगती बसेपर्यंत अख्ख्या मांडवात झालं, की आशाबाईचा दादा पोलिसांत आहे. हे स्वतः वाढपी म्हणून बुंदी वाढत होते. पानापानावर लोक त्यांच्याकडे डोळे फाडून बघत होते, आणि एका काकांनी तर त्यांचा हात दाबून सांगितलं, “जामीन मिळाला ते बरं झालं. धीर सोडू नको.” ह्यांना वाटलं बुंदीबद्दल काहीतरी चाललंय. “अजून खूप आहे काका,” हे म्हणाले. काकांचे डोळे भरून आले.

त्या लग्नानंतर आम्ही वकील गाठला आणि कोर्टात अर्ज केला, की खटला चालेपर्यंत कवळी मालकिणीच्या ताब्यात द्यावी. कोर्टानं दिली, पण अट घालून. मुद्देमालात कोणताही बदल करायचा नाही, दुरुस्ती करायची नाही, बोलावलं की आहे तशी हजर करायची. सुटा सुळा पोलिसांकडेच राहिला.

आत्याबाई लगेच निलोफरकडे गेल्या. “ही फट बुजव.”

निलोफरनं दोन्ही हात मागं बांधले. “ना बाबा! मी हात लावला तर मलाच आत घालतील.”

म्हणून पुढचं सव्वा-दीड वर्ष आत्याबाई पुराव्यानं जेवल्या. पुरावा घासायच्या, पुरावा वाटीत भिजवून ठेवायच्या. फटीतून भात सांडायचा, शिट्टी वाजल्यासारखा आवाज यायचा. ऊस, भाजलेलं कणीस आणि सुपारी बंद. कधी त्यांनी शेंगदाण्याच्या डब्याला हात घातला, की सर्जेराव पेपरामागून म्हणायचे, “सरकारी माल हाय. जपून.”

मग तारीख लागली. अदालत रोडच्या कोर्टात आम्ही सगळे गेलो. आत्याबाई नवं लुगडं नेसल्या होत्या आणि कवळी तोंडात होती. न्यायाधीश एक मध्यमवयीन बाई होत्या. कारकुनानं पुकारलं, “मुद्देमाल हजर करा.”

आत्याबाईंनी तोंड उघडून दाखवलं.

“बाहेर काढून टेबलावर ठेवा,” न्यायाधीश म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेषही हलली नाही. इतका संयम मी पुन्हा पाहिलेला नाही.

आत्याबाई भिंतीकडे वळल्या, पदराआड कवळी काढली आणि रुमालावर ठेवली. सरकारी वकिलांनी विचारलं, “त्या दिवशी काय घडलं ते सांगा.” आत्याबाईंनी सगळं सांगितलं. जोरात, हातवारे करून, न थांबता. टाईप करणाऱ्या बाईंची बोटं मात्र पहिल्या वाक्यालाच थांबली होती.

आरोपीचे वकील उठले. “साक्षीदार काय बोलतात ते समजत नाही. माझी हरकत आहे.”

न्यायाधीशांनी टेबलावरच्या कवळीकडे बघितलं, मग आत्याबाईंकडे, मग छताकडे. शेवटी म्हणाल्या, “लिहून घ्या. साक्षीदारास मुद्देमाल तोंडात बसवून साक्ष देण्याची परवानगी देण्यात येत आहे.” शिपाई तांब्याभर पाणी घेऊन आला. कवळी धुतली गेली, बसवली गेली, आणि आत्याबाईंनी पहिल्यापासून सुरुवात केली.

उलटतपासणीत वकील म्हणाले, “हेल्मेट होतं. म्हणजे तुम्ही माझ्या अशिलाचा चेहरा पाहिलाच नाही?”

“नाय बघितला. खोटं कशाला बोलू?”

वकील खूश झाले. “माझं म्हणणं असं आहे, की त्यांना कुत्रं चावलं होतं.”

“मंग ह्यो त्या कुत्र्याला ‘सोडा ना मावशी’ म्हणला व्हय?”

सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीशांनी टेबलावर हात आपटला, पण पाणी प्यायच्या निमित्तानं ग्लास बराच वेळ तोंडासमोर धरून ठेवला. विश्वजीतनं मात्र मान खाली घातली होती, आणि डाव्या हातानं तो उजवा अंगठा चोळत होता.

सायली मॅडमनी आधी सांगितलं होतं तेच शपथेवर सांगितलं. चावा माणसाचा, तो नेमका कुणाचा हे खुणेवरून ठरवता येणार नाही, पण रुमालातला दात या कवळीचाच. डॉक्टर आले, निलोफर साचा घेऊन आली. निकाल काही तारखांनी लागला. विश्वजीतला शिक्षा झाली. आधी काढलेली कोठडी त्यातून वजा झाली.

निकालाच्या दिवशी व्हरांड्यात पोलीस त्याला घेऊन चालले होते, तेव्हा तो आमच्यापाशी थांबला. तायडेंनीही थांबू दिलं. पोरगा पंचविशीचा असेल. मला वाटलं माफी मागतो की काय.

“मावशी,” तो हळूच म्हणाला, “एक विचारू? मी कुत्र्याचे सगळे डोस घेतले. पण माणूस चावला तर वेगळं काही घ्यावं लागतं का? अजून थंडीत दुखतं.”

“हात दाखव,” आत्याबाई म्हणाल्या. त्यानं दाखवला. अंगठ्याखाली पांढरट वळ होता, अर्धवट गोल. त्यांनी तो बोटानं दाबून बघितला, पोराच्या कपाळाला हात लावून ताप बघावा तसा.

“बरा झालाय,” त्या म्हणाल्या. “तिळाचं तेल गरम करून चोळ. तिथं मिळालं तर.”

पोलीस त्याला घेऊन गेले. आत्याबाई बाकावर टेकल्या. “उभ्या जन्मात म्या कुणाला चावले नव्हते,” मला म्हणाल्या. “पोरांनासुदिक नाय.” पदर डोळ्याला लावला, नाक पुसलं, आणि रिक्षा बोलवायला सांगितलं.

कवळी मोकळी झाल्यावर निलोफरनं सरळ नवीच करायला घेतली. या खेपेला ती म्हणाली, “मावशी, प्लास्टिकच्या आत नाव टाकून देते. हरवली, सापडली, तर तुमचीच म्हणून कळेल. पण जागा थोडीच आहे, एकच शब्द.”

“आशाबाई टाक.”

सर्जेरावांनी पेपर खाली केला. लग्नाला पन्नास वर्षं होत आली, घराच्या पाटीपासून गॅसच्या कार्डापर्यंत सगळीकडे त्यांचंच नाव. “आन् माझं?”

“तुमचं कशाला? तुमचे दात तुमच्या तोंडात हायेत की.”

सर्जेरावांनी गालावर हात ठेवला आणि निलोफरला विचारलं, “पोरी, ही खालची दाढ लई हलायलीय. बघती का जरा?”